परदेशी दिलेलं गस्ती जहाज: ‘हॅमिल्टन’ ते ‘ग्रेगोरियो देल पिलार’ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी जहाजं हा माझा जुना नाद. अमुक देशाने तमुक देशाला गस्ती जहाज भेट दिलं अशी बातमी आली, की ओळखीची मंडळी ठरलेलेच प्रश्न विचारतात. भंगार गळ्यात मारलं का? फुकट दिलं का? किती वर्षं चालेल? दर वेळी तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. हवेत बोलण्यापेक्षा एक जहाज हाताशी असलेलं बरं. मी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं ‘हॅमिल्टन’ निवडलं, कारण त्याची दोन्ही आयुष्यं नीट दिसतात: पहिलं अमेरिकेत, दुसरं फिलिपिन्सच्या नौदलात ‘ग्रेगोरियो देल पिलार’ या नावाने. आपल्या माझगावच्या एका जहाजाची गोष्टही पुढे येईल.

‘हॅमिल्टन’ नेमकं कोणतं जहाज?

न्यू ऑर्लिन्सजवळच्या ॲव्हनडेल गोदीत बांधलेलं, ११५ मीटर लांबीचं, साधारण ३,२५० टनांचं गस्ती जहाज. १९६५च्या डिसेंबरमध्ये पाण्यात उतरलं, १९६७ मध्ये सेवेत दाखल झालं. नाव अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं. ते अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री, आणि जकात चुकवणारी जहाजं पकडण्यासाठी त्यांनी ज्या नौका मागितल्या त्यातूनच तिथलं तटरक्षक दल उभं राहिलं. त्याच नमुन्याची आणखी अकरा जहाजं झाली. म्हणून सगळ्या बाराजणींना ‘हॅमिल्टन वर्ग’ म्हणतात.

तटरक्षक दलाचं जहाज आणि युद्धनौका यात फरक तो काय?

कामाचा. युद्धनौका लढाईसाठी बांधतात आणि तिचा बराच काळ सरावात जातो. गस्ती जहाजाची लढाई रोजचीच, फक्त तिच्यात गोळी क्वचित सुटते. परदेशी मासेमारी बोटी हाकलणं, तस्करांचा पाठलाग, बुडणाऱ्या माणसांना वर काढणं, आणि आठवडेच्या आठवडे एकाच टापूत मंद गतीने फिरत राहणं. म्हणून गस्ती जहाजाला शस्त्रं कमी, इंधनाच्या टाक्या मोठ्या आणि मागे हेलिकॉप्टर उतरवायला जागा.

‘हॅमिल्टन’ने दोन्ही केलं. सुरुवातीची वर्षं बोस्टनहून अटलांटिकमध्ये हवामान केंद्र म्हणून काढली. उपग्रहांवर विसंबता येत नव्हतं तेव्हा जहाजं समुद्रातल्या ठरलेल्या जागी उभी राहून हवामानाची खबर देत आणि वरून जाणाऱ्या विमानांना आधार पुरवत. १९६९-७० मध्ये ते व्हिएतनामच्या किनाऱ्यावर होतं. तिथे समुद्रमार्गे येणारी शस्त्रं अडवणं आणि किनाऱ्यावर तोफा डागणं, दोन्ही कामं होती. नंतरचा बराच काळ प्रशांत महासागरात, अमली पदार्थांच्या आणि चोरट्या मासेमारीच्या मागावर गेला.

जहाजाचं आयुष्य किती धरतात?

कागदावर पंचवीस-तीस वर्षं. पण जहाजाचं वय जन्मदाखल्यावरून सांगता येत नाही, ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीत, जाऊन बघावं लागतं.

तिथे काय बघतात ते सांगतो. पाणी काढलं, शेवाळ आणि शिंपले खरवडले, की तपासनीस हातात पेटीएवढं अल्ट्रासोनिक यंत्र घेऊन पत्र्याच्या प्रत्येक पट्ट्यावर ठरावीक अंतराने ठिपके घेत जातो. रंग थोडा घासायचा, जेलीचा थेंब लावायचा, यंत्राचं टोक टेकवायचं, जो आकडा येईल तो खडूने तिथेच लिहायचा. संध्याकाळपर्यंत जहाजाचं पोट आकड्यांनी भरून जातं. एखाद्या आकड्याभोवती गोल काढला असेल, तर तो पत्रा मुळापेक्षा नको तितका पातळ झालाय आणि तिथे कापून नवा जोडायचा. मी असं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं, बाहेरून समुद्र लागतो तिथे गोल जास्त असतील. तसं नव्हतं. गोल सापडत होते ते आतून पाणी साचतं तिथे: साखळीच्या खोलीखाली, न्हाणीघरांच्या खाली, टाक्यांच्या कोपऱ्यांत.

‘हॅमिल्टन’ वर्गाला आणखी एक दुखणं. खालचा सांगाडा पोलादाचा, वरची इमारत ॲल्युमिनियमची. वजन कमी करायला ही युक्ती बरी, पण खाऱ्या हवेत हे दोन धातू एकत्र आले की जोडाशी गंज धरतो.

तरी पत्रा बदलता येतो. जहाजाला म्हातारपण येतं ते सुटे भाग मिळेनासे झाले की. बनवणारी कंपनी तो पंप बनवणं थांबवते, नकाशे कपाटात जातात, तो पंप कानाने ओळखणारा मिस्त्री निवृत्त होतो.

मग ‘हॅमिल्टन’ ४४ वर्षं कसं चाललं?

मध्यावर एकदा सगळं उघडून नवं केलं म्हणून. १९८५ पासून तीनेक वर्षं ते मेन राज्यातल्या बाथ गोदीत होतं. जुनी पाच इंची तोफ जाऊन ७६ मिलिमीटरची आली, रडार आणि हेलिकॉप्टरची सोय बदलली, यंत्रांची मोठी दुरुस्ती झाली. आपल्याकडे वाडा पाडत नाहीत, वासे बदलतात, तसंच.

दुसरं कारण त्याची इंजिनं.

इंजिनांत एवढं काय विशेष?

दोन जातींची इंजिनं एकाच जहाजात. रोजच्या फिरण्याला दोन डिझेल, प्रत्येकी साडेतीन हजार अश्वशक्तीची. घाईच्या वेळी दोन गॅस टर्बाइन, प्रत्येकी अठरा हजार अश्वशक्तीची. ही टर्बाइनं मुळात विमानाच्या जेट इंजिनावरून काढलेली. त्याच घराण्यातली इंजिनं बोइंग ७०७च्या पंखांखाली होती. टर्बाइनवर जहाज २९ नॉट, म्हणजे ताशी साधारण ५४ किलोमीटर वेगाने पळतं. डिझेलवर सावकाश गेलं तर एका भरण्यात १४ हजार मैल जातं असं सांगतात.

डिझेल फेअरबँक्स-मोर्स कंपनीचं. त्याची रचना बघण्यासारखी आहे: एकाच नळकांड्यात दोन दट्टे समोरासमोर. एक वरून खाली येतो, एक खालून वर, आणि मधल्या चिमटीत इंधन पेटतं. नळकांड्याला झाकण नाही, त्यामुळे झाकणाच्या झडपाही नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांत हीच इंजिनं होती, नंतर रेल्वेतही गेली. एवढा पसारा असल्यामुळे सुटे भाग आणि जाणते लोक बरीच वर्षं टिकले. फक्त खालचा दट्टा काढायचा म्हणजे अख्खं इंजिन उघडण्याची तयारी ठेवायची.

अमेरिकेने ते का दिलं? भंगारात का नाही काढलं?

त्यांच्याकडे नवी, मोठी जहाजं येऊ लागली होती. पहिलं ‘बर्थोल्फ’ २००८ मध्ये आलं. जुनं मोडायचं तर त्यालाही पैसा लागतो. त्या काळच्या जहाजांत ॲस्बेस्टॉस आणि विषारी रंग असतात, ते काढायला वेगळी माणसं लागतात. त्यापेक्षा मित्रदेशाला दिलं तर खर्च वाचतो आणि संबंधही जुळतात. उदारपणा आणि हिशेब, दोन्ही एकाच पिशवीत.

फिलिपिन्सने का घेतलं?

कारण त्यांच्याकडे जे होतं ते याहून जुनं होतं. त्यांच्या ताफ्याचं प्रमुख जहाज तेव्हा ‘राजा हुमाबोन’. ते १९४३ सालचं, दुसऱ्या महायुद्धातलं. त्यासमोर १९६७चं जहाज म्हणजे तरुणच. दक्षिण चीन समुद्रात चीनशी वाद तापत होता, आणि नवं फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, बांधायचं तर पैसा आणि वर्षं दोन्ही लागणार. हे जहाज काही महिन्यांत मिळत होतं. २८ मार्च २०११ ला अमेरिकेच्या सेवेतून निवृत्त, १३ मे ला कॅलिफोर्नियातल्या अलमीडाला फिलिपिन्सच्या हवाली. मध्ये दीड महिना.

म्हणजे फुकट मिळालं?

जहाज जवळपास फुकट. बाकी काही फुकट नाही.

अमेरिकेत ‘जादा संरक्षण साहित्य’ म्हणून एक योजना आहे. तिच्यात वस्तू आहे तशी, आहे तिथून मिळते. दुरुस्ती, रंग, खलाशांचं प्रशिक्षण, घरी नेण्याचं इंधन हे सगळं घेणाऱ्याच्या खिशातून. फिलिपिन्सने साधारण ४५ कोटी पेसो, म्हणजे तेव्हाचे एक कोटी डॉलर मोजले. तोही पैसा संरक्षण खात्याचा नेहमीचा नव्हता, मालम्पाया या समुद्रातल्या वायुक्षेत्राच्या उत्पन्नातून काढला.

दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. जहाजाच्या बाबतीत मात्र दात, खूर, शेपूट सगळं मोजावं. मिळताना लागलेला पैसा एकदाच जातो. चालवायला लागणारा दर वर्षी जातो आणि जहाजाच्या वयाबरोबर वाढतो. दीडशेच्या वर माणसांचं जेवणखाण, तेल, ड्राय डॉकची पाळी, आणि बाजारात न मिळणारा एखादा भाग घडवून घेण्याचा खर्च. जहाज भेट मिळाल्याची बातमी पहिल्या पानावर येते. ते वर्षभर धक्क्याला बांधून आहे याची बातमी कुठेच येत नाही. दुसरं आयुष्य किती वर्षांचं, हे या वर्षाच्या खर्चावर ठरतं. देणाऱ्याच्या भाषणात त्याचा पत्ता लागत नाही.

देण्याआधी काय काढून घेतात?

जे देणाऱ्याला स्वतःला लागणार किंवा जे दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही ते. ‘हॅमिल्टन’वरची ‘फॅलँक्स’ ही क्षेपणास्त्रं पाडणारी स्वयंचलित तोफ काढली, पुढची ७६ मिलिमीटरची ठेवली. २५ मिलिमीटरच्या तोफा फिलिपिन्सने पुढे बसवून घेतल्या.

हस्तांतराच्या दिवशी होतं काय?

दोन समारंभ होतात आणि मध्ये एक विचित्र मोकळा काळ असतो. पहिल्यात जुना देश आपला झेंडा आणि डोलकाठीवरची लांब अरुंद पताका उतरवतो. ती पताका उतरली की ते जहाज सेवेत नाही. मग कागदांवर सह्या होतात, नवा झेंडा चढतो. त्याआधीपासून नवे खलाशी जुन्यांच्या मागे मागे फिरून शिकत असतात. वही घेऊन, कुठली झडप कुठे, कुठला दिवा लागला तर घाबरायचं आणि कुठला लागला तर दुर्लक्ष करायचं. माझ्या मते ती वही कुठल्याही छापील पुस्तिकेपेक्षा मोलाची.

मग रंग. अमेरिकी तटरक्षक जहाज पांढरं, नाकाजवळ लाल-निळा तिरपा पट्टा. हा पट्टा सगळ्या दलासाठी अधिकृत झाला तो एप्रिल १९६७ मध्ये. फिलिपिन्सने ते नौदलात घेतलं, म्हणून राखाडी झालं. आकड्याची गंमत अशी, की जुना क्रमांक ७१५ आणि नवा १५. रंगाऱ्याने सात पुसला आणि चहाला गेला असं मी मित्रांना सांगतो.

जुलैत निघून, हवाई आणि ग्वाम करत, ऑगस्टमध्ये ते मनिलाला पोहोचलं. स्वागताला राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकीनो स्वतः हजर होते. नौदलात रीतसर दाखल झालं १४ डिसेंबर २०११ ला.

नाव बदलणं अपशकुन नाही का?

खलाशी तसं म्हणतात खरं. सरकारं मानत नाहीत. इथे तर नवं नाव फारच बोलकं. ग्रेगोरियो देल पिलार हे फिलिपिन्सचे तरुण सेनापती. २ डिसेंबर १८९९ ला तिराद खिंडीत मागे येणाऱ्या सैन्याला थोपवून धरताना ते मारले गेले. ते सैन्य अमेरिकेचं होतं. अमेरिकेने दिलेल्या जहाजावर अमेरिकेशी लढताना पडलेल्या माणसाचं नाव. यावर कुणी हरकत घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

नव्या देशात त्याने केलं काय?

पहिल्याच वर्षी ते जगभरच्या बातम्यांत आलं. एप्रिल २०१२ मध्ये स्कारबरो शोल या प्रवाळबेटाजवळ चिनी मासेमारी बोटी दिसल्या. १० एप्रिलला ‘ग्रेगोरियो देल पिलार’च्या खलाशांनी त्या बोटींवर चढून तपासणी केली. आत मोठे शिंपले, प्रवाळ, जिवंत शार्क निघाले. एवढ्यात चीनची सागरी निरीक्षण जहाजं मध्ये येऊन उभी राहिली आणि अटक करणं जमलं नाही. दोन दिवसांत फिलिपिन्सने हे जहाज मागे घेऊन तटरक्षक दलाचं जहाज पाठवलं. नौदलाचं राखाडी जहाज समोर ठेवलं तर भांडण चिघळेल, हा विचार. ज्या जहाजाने चव्वेचाळीस वर्षं पांढऱ्या रंगात तटरक्षकाचंच काम केलं, ते राखाडी झालं म्हणून तिथे नको होतं. रंगाचा एवढा महिमा.

दुसरी मोठी घटना वाईट. २९ ऑगस्ट २०१८ ला पालावानच्या पश्चिमेला हासा-हासा नावाच्या उथळ जागी ते प्रवाळावर चढलं. पाच दिवसांनी, ३ सप्टेंबरच्या रात्री, ओढनौकांनी सोडवलं. माणसं सुखरूप होती, पंखा मात्र दुखावला. या जहाजाचा पंखा साधा नसतो. त्याची पाती जागच्या जागी फिरवून जोर कमी-जास्त करता येतो, त्यासाठी मध्यातल्या बोंडात तेलावर चालणारी यंत्रणा असते. जहाज मागे न्यायचं तर आस उलटा फिरवावा लागत नाही, पाती वळवली की झालं. सोय मोठी, पण पातं मोडलं की काम लोहाराचं राहत नाही.

ते अजून फ्रिगेट आहे का?

आल्यावर फ्रिगेट म्हणत. पुढे २०१९ मध्ये फिलिपिन्सने वर्गवारी सुधारून त्याला गस्ती जहाज केलं. योग्यच केलं. २०२० मध्ये कोरियात बांधलेलं ‘होसे रिझाल’ हे खरंखुरं फ्रिगेट त्यांना मिळालं.

बाकीच्या बहिणींचं काय झालं?

जगभर पांगल्या. फिलिपिन्सला एकूण तीन. नायजेरिया, बांगलादेश आणि श्रीलंकेला दोन-दोन. व्हिएतनामलाही गेल्या, आणि त्यातली ‘मॉर्गेन्थाउ’ ही १९७०-७१ मध्ये व्हिएतनामशी लढायला गेलेली! २०१७ मध्ये ती तिथल्याच तटरक्षक दलात दाखल झाली.

‘शर्मन’ने २००७ मध्ये पनामाजवळ एका मालवाहू जहाजातून जवळजवळ वीस टन कोकेन पकडलं होतं. तीच आता श्रीलंकेची ‘गजबाहू’. जुलै २०२२ मध्ये कोलंबो बंदरात घाईघाईने सुटकेसा चढवतानाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तर ते याच जहाजावर.

एका बहिणीचा आपल्याशी थेट संबंध आला. फिलिपिन्सचं ‘रामोन अल्काराझ’, म्हणजे पूर्वीचं ‘डॅलस’, मे २०२० मध्ये कोचीहून मास्कची खेप घेऊन निघालं. करोनाचे दिवस. बंदर सोडून थोडंच अंतर गेलं आणि इंजिनखोलीत आग लागली. दोन खलाशी भाजले. आग विझवून जहाज कोचीला परतलं आणि दुरुस्ती तिथेच झाली, भारतीय नौदलाच्या मदतीने. पन्नाशी ओलांडलेल्या यंत्राला घरापासून हजारो मैल दूर नेलं की नशिबात काय येईल सांगता येत नाही. ते कोचीजवळ झालं हे त्यांचं नशीबच, भर समुद्रात झालं असतं तर कठीण होतं.

भारतही अशी जहाजं देतो का?

देतो. मराठी वाचकाने तर ‘वरुण’ची गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईच्या माझगाव डॉकने आपल्या तटरक्षक दलासाठी ‘विक्रम’ वर्गाची जहाजं बांधली, ७४ मीटर लांबीची. त्यातलं ‘वरुण’ १९८८ मध्ये दाखल झालं. शेवटची काही वर्षं ते कोचीला नौदलाच्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्यात होतं. म्हणजे आज मोठ्या हुद्द्यावर असलेल्या कितीतरी अधिकाऱ्यांनी समुद्राची पहिली ओकारी या जहाजावर काढली असेल. २०१७ मध्ये ते श्रीलंकेच्या तटरक्षक दलाला दिलं आणि ‘सुरक्षा’ झालं. आपल्या तटरक्षक दलाचं ब्रीद ‘वयं रक्षामः’, त्यामुळे नाव अगदी घरातलंच.

त्याच वर्गातलं, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं ‘वराह’ त्याआधीच श्रीलंकेच्या नौदलात गेलं होतं, आधी भाड्याने आणि पुढे कायमचं. ते तिथे ‘सागर’ झालं.

‘सुरक्षा’च्या बाबतीत मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. जहाज दिल्यावर आपण हात झटकले नाहीत. २०२१ आणि २०२२ मध्ये सुटे भाग पाठवले, आणि जून २०२४ मध्ये आपल्या तटरक्षक दलाचं ‘सचेत’ कोलंबोला जाऊन बारा लाख डॉलरचे सुटे भाग देऊन आलं. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी. पण देणगीचं जहाज समुद्रात दिसणार की धक्क्याला, ते या चार ओळींत असतं.

घेणारा देश ते पुढे विकू शकतो का?

मनाला येईल तसं नाही. अमेरिकेने दिलेली लष्करी वस्तू तिसऱ्याला द्यायची तर अमेरिकेची परवानगी लागते. वस्तू कशासाठी वापरली जाते यावर लक्ष ठेवण्याचा हक्कही ते राखून ठेवतात.

शेवटी किती वर्षं चालू शकतं?

वर ज्या ‘राजा हुमाबोन’चा उल्लेख आला त्याचंच बघा. १९४३ मध्ये अमेरिकेचं ‘ॲथर्टन’ म्हणून जन्म. मे १९४५ मध्ये ऱ्होड आयलंडजवळ जर्मन पाणबुडी बुडवण्यात त्याचा हात. १९५५ मध्ये जपानला, नाव ‘हात्सुही’. तिथून परत येऊन सत्तरच्या दशकात फिलिपिन्सला. निवृत्ती मार्च २०१८. तीन झेंडे, तीन नावं, जवळपास पंचाहत्तर वर्षं. अर्थात शेवटची कित्येक वर्षं ते लढण्यापेक्षा तरंगण्याच्याच कामी होतं. तेव्हा ‘चालू शकतं’ आणि ‘चालवावं’ हे वेगवेगळे प्रश्न समजा.

इंटरनेटवर ‘हॅमिल्टन’चे फोटो शोधले तर दोन वेगळी जहाजं दिसतात. कोणतं खरं?

दोन्ही खरी. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेने त्याच नावाचं नवं जहाज सेवेत घेतलं. नाकाजवळचा आकडा बघा. पांढऱ्यावर ७१५ असेल तर जुनं, ७५३ असेल तर नवं. राखाडीवर १५ असेल तर ते जुनंच, मनिलाला गेल्यानंतरचं.